डबा

बाबांनी बोल्ट आणला तो रुमालात गुंडाळून,
पडलेला दुधाचा दात मी त्यांना दाखवायला आणायचे, तसा.
सहा कोनांपैकी दोन शिल्लक होते.
"बाराचा पाना घसरतो," म्हणाले. "मग छिन्नी घेतली."
एवढंच. टोपी न काढता कॉफी प्यायले.

राहे गावात मे महिना चालू होता.
बंदरातला बर्फ काळपट तुकड्यांनी धक्क्याला घासत होता,
आणि शेडमध्ये होंडा उभी, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी,
पुढे चार नळ्या, नळ्यांच्या मधोमध तेलगाळणीची वाटी.
वाटीत स्प्रिंग, स्प्रिंगवर वायसर, वायसरवर कागदाची गाळणी,
आणि सगळ्यांच्या पोटातून आरपार गेलेला
तो एकच लांब बोल्ट.

वायसर दरवेळी जुन्या गाळणीला चिकटून कचऱ्यात जायचा.
आई मासे साफ करता करता
खवल्यांच्या बादलीत हात घालून तो काढून द्यायची.
ती लुलेओला गेल्यापासून
आम्ही दोन वायसर हरवले.

"याला डबा लावू," मी म्हणाले,
"मोटारीला असतो तसा. फिरवायचा, काढायचा, फेकायचा."
"कानामागून आली," बाबा म्हणाले,
आणि म्हण अर्धीच ठेवली.

पाळी संपल्यावर लेथवर उभी राहिले.
फोरमन आहो खिडकीबाहेर बघत होता,
म्हणजे मुद्दाम बघत होता.
ॲल्युमिनियमची चकती, मागे ओ-रिंगची खाच,
मधे पोकळ बोल्ट, वीस मिलिमीटर, दीडचे आटे.
खाच पहिल्यांदा केसभर खोल गेली.
दुसरी चकती कापली. पहिली अजून माझ्या खिडकीत आहे,
तिच्यावर कुंडी ठेवते.

पहिला डबा नळीला बोटभर आडवा आला.
मग पंपावरच्या सिर्काने कपाट उपसून
एक बुटका दिला, कुठल्या गाडीचा ते तिलाही ठाऊक नव्हतं.
रबराला तेलाचं बोट लावलं.
टेकल्यावर पाऊण फेरी, हातानेच.
बाबांचा हात पान्याकडे गेला होता. मी बघितलं.
त्यांनी त्याच हाताने नाक पुसलं.

इंजिन चालू. खाली वर्तमानपत्र अंथरलेलं.
बाबा उकिडवे बसले, थेंबाची वाट बघत.
दहा मिनिटं. वीस.
कागद कोरडाच, आणि त्यांचा चेहरा
पाहुणे न आल्यासारखा.

"आत काय चाललंय ते दिसत नाही," शेवटी म्हणाले.
जुनी गाळणी ते घडीघडीने उलगडायचे,
खिडकीशी तिरकी धरून वाचायचे:
ही क्लचची मळी, ही रबराची, ही चकाकते ती वाईट.
घरात आलेली पत्रं मात्र
माझ्याकडून वाचून घ्यायचे, चष्मा सापडत नाही म्हणून.

सप्टेंबरात तेल बदललं. डबा हाताने सुटला,
बरणीच्या झाकणासारखा.
मी तो कचऱ्यात टाकायला निघाले तर
बाबा स्वयंपाकघरात, हेरिंगचे डबे उघडायचा ओपनर घेऊन.
पत्रा जाड. अर्धा तास कुरकुर.
अंगठा कापला, तो तोंडात धरून कापत राहिले.
मग कागद बाहेर आला, काळा, ओला, घड्यांचा,
आणि त्यांनी तो टेबलावर पसरला, सुरीने घडी न् घडी उघडून.

"ये, बघ."

एका घडीत दोन बारीक वळ्या चमकत होत्या,
नखाच्या कोरीएवढ्या.
माझ्या पोटात गोळा आला.
बेअरिंग? पिस्टन?
बाबांनी एक वळी बोटाच्या टोकावर घेतली, उजेडात फिरवली,
दातांत धरून वाकवली.

"इंजिन असं कुरळं झडत नाही," म्हणाले.
"हे लेथचं. हे तुझं आहे.
पुढच्या वेळी रॉकेलने धुऊन घे."

वळ्या त्यांनी काडेपेटीत ठेवल्या.
ओपनर पँटला पुसून
परत खणात, चमच्यांमध्ये.